दाजींचं कडू रक्त

...न्हाई, तसं न्हाई, तुमी आधी ऐकून तर घ्या. आमच्या गावात सध्या जो उठतो तो मच्छराला शिव्या घालतो. मच्छर हरामी, मच्छर नतद्रष्ट, मच्छरानं सत्तारचाचाला पार मरणाच्या उंबऱ्यावर नेऊन बसवलं. बरं, बसवलं, मी कुठं न्हाई म्हणतो? पण तुमाला सांगतो, मच्छराची यात काय चूक? त्याला भूक लागली की तो चावतो, पोट भरलं की उडून जातो, मधल्या मधी तो काही खोटं बोलत न्हाई. खोटं बोलायला माणूस लागतो. अन् तो माणूस म्हणजे आमचे दाजी, कल्याणराव. माझ्या थोरल्या बहिणीचे, बसम्माअक्काचे मालक.

आता म्हणाल, दाजी वाईट माणूस हाय का? अजिबात न्हाई. आंबाजोगाईच्या रस्त्याला आमचा फाटा लागतो, तिथं लिंबाच्या झाडाखाली त्यांचं किराणा दुकान. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, अन् सकाळी ओढलेले ते पट्टे संध्याकाळपर्यंत असे शाबूत की वाटावं माणूस घामच घेत न्हाई. काट्यात मारणं न्हाई, मालात भेसळ न्हाई, बाया-बापड्यांशी वावगा शब्द न्हाई. खोड एकच. एकदा तोंडातून शब्द गेला की तो माघारी घ्यायला दाजींच्या जिवावर येतं. तेलाचा फुटका डबा परत घेतील, कीड लागलेली तूरडाळ परत घेतील, पण बोललेला शब्द? न्हाई. एकदा विकला की विकला.

त्याच लिंबाखाली, दुकानाला खेटून, सत्तारचाचाचं पंक्चरचं दुकान. पत्र्याचं शेड, हवेचा पंप, अन् बाहेर जुन्या टायरांचा हा एवढा ढीग. दोघांची दोस्ती म्हणजे, एकाला ठेच लागली की दुसऱ्यानं आई गं म्हणायचं. ईदचा शिरखुर्मा आधी दाजींच्या गल्ल्यावर यायचा, अन् अक्काच्या हातच्या पुरणपोळ्या आधी सत्तारचाचाच्या घरी जायच्या. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी असलं की दोघं त्या झाडाखाली बाकड्यावर बसून सगळ्या दुनियेचा निकाल लावायचे.

तर झालं काय, यंदा पाऊसकाळात आमच्या फाट्याला तापाची साथ आली. येणारच की हो. नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक, म्हणून प्रत्येकाच्या दारात पाण्याचे ड्रम भरलेले, त्याच्यावर झाकण न्हाई, कूलरमधी उन्हाळ्यापासूनचं पाणी तसंच, अन् चाचाच्या टायरांत तर पावसाचं पाणी साचून आळ्या अशा वळवळायच्या की पाळल्यात म्हणावं. मच्छराची यात काय चूक? पाळणा आमीच बांधला होता.

मग एक दिवस सरकारी दवाखान्याच्या आमच्या आशाताई आल्या, ईश्वरीताई. कुठल्यातरी संस्थेनं गावासाठी अंगाला लावायच्या मलमाच्या ट्यूबा दिलत्या, त्या घरोघर वाटत होत्या. लिंबाखाली सगळे बसलेले बघून तिथंच थांबल्या अन् सांगाया लागल्या, "डेंग्यूचा मच्छर दिवसा चावतो बरं का. सकाळी अन् दिवस मावळायच्या आधी जास्त. हाताला, पायाला, मानेला, उघड्या अंगाला हे मलम लावायचं. अन् ते टायरातलं पाणी तेवढं सांडून द्या, चाचा."

एवढं सरळ बोलणं. याच्यावर कुणी काय बोलावं? कुणी काही बोलू नये. पण दाजी बोलले. चारचौघं बसलेली, गल्ल्यावर मालक, मग जीभ कशी गप बसंल?

"ताई," दाजी म्हणले, "आमच्या आज्यानं कधी मलम लावलं न्हाई, बापानं लावलं न्हाई. अंगाला मलम चोळून बसायला आमी काय बाळंतीण हाव का?"

हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं कोण हसला, तर त्रिंबक. हा त्रिंबक म्हणजे आमच्या फाट्याचा रेडिओ, बंद करायचं बटन नसलेला. ईश्वरीताईंनी एक ट्यूब गल्ल्यावर ठेवली अन् त्या पुढं गेल्या. सत्तारचाचाबी हसला, पण हसता हसता त्यानं आपली ट्यूब उघडली अन् सगळ्यांदेखत हाताला चोळली. म्हणला, "हसा बाबांनो. मला चावलं की ह्या एवढ्या गांधी उठतात. बाळंतीण तर बाळंतीण."

म्हणजे बघा, गावात शहाणा माणूस एकच होता, अन् तोच पुढं दवाखान्यात पडला. हे लक्षात ठेवा.

दाजी घरी गेले. आता बाहेर वाघ असलेला माणूस घरी काय असतो ते मी तुमाला सांगायला पायजे असं न्हाई. अक्काला गेल्या साली चिकनगुनिया झालता. सांधे असे धरलते की कित्येक दिवस तिला भाकरी थापता आली न्हाई, परात उचलता आली न्हाई, जिना चढताना बिचारी भिंतीला धरून रडायची. तिला त्या मलमाचं कळालं अन् तिनं दाजींच्या समोर फतकल मारली.

"हात पुढं करा."

"मी न्हाई लावत. मी चारचौघांत बोलून बसलोय."

"चारचौघांत बोललात, मला न्हाई बोललात. हात पुढं करा. न्हाईतर उद्यापासून भाकरी तुमीच थापा, अन् मी बसते गल्ल्यावर."

झालं, हात पुढं. रोज सकाळी पूजा झाली, विभूती लावली, की अक्का मलम चोळायची. हात, पाय, मान, कानामागंसुद्धा. वर दाजी लांब बाह्यांचा सदरा घालायचे अन् दुकानात गेल्या गेल्या उदबत्त्यांचा असा जुडगा लावायचे की गिऱ्हाइकाला वाटावं आज कसली पूजा हाय. वास झाकायला हो. शब्द माघारी घ्यायचा न्हाई ना. दुपारी जेवायला घरी आले की परत चोळून घ्यायचं, अन् परत उदबत्त्या.

आता लिंबाखालचा देखावा डोळ्यापुढं आणा. सगळे चापट्या मारतायत. त्रिंबक स्वतःच्या गालात मारून घेतोय, भाजीवाला सटवा धोतर झटकतोय, गिऱ्हाईक पाय आपटतंय, अन् मधोमध आमचे दाजी... नंदीसारखे. शांत. हलणं न्हाई, खाजवणं न्हाई. चार दिवस हे चाललं, मग त्रिंबकाला राहवंना.

"काय हो कल्याणराव, तुमाला कावून चावत न्हाईत?"

तुमाला सांगतो, इथं एका शब्दात सगळं मिटत होतं. "मलम लावलंय." बस. लोक हसले असते, घटकाभर हसून चहा पिऊन घरी गेले असते, अन् दुसऱ्या दिवशी अर्ध्या गावानं मलम लावलं असतं. पण शब्द माघारी... दाजींची नजर इकडं फिरली, तिकडं फिरली, अन् सटवानं विकायला आणलेली कारल्याची पाटी समोर होती, तिच्यावर जाऊन पडली.

"रक्त कडू हाय आपलं," दाजी म्हणले. "कारल्याचा रस घेतो रोज."

अहो, ज्या माणसाच्या घरात कारलं शिजलं की तो आमच्याकडं जेवायला येतो, तो माणूस हे बोलला.

"कवापासून?"

"लई दिवस झाले."

अन् खोट्याचं कसं असतंय, ते वेलासारखं असतंय, एकदा उगवलं की मांडव मागतं. दुसऱ्या दिवशी त्रिंबक विचारतो, उपाशीपोटी का जेवल्यावर? दाजी म्हणतात, उपाशीपोटी. सटवा विचारतो, बी काढायचं का ठेवायचं? दाजी म्हणतात, बी तर मुख्य हाय. कुणी विचारतो, लहान लेकरांना? दाजी जरा घाबरले, म्हणले, न्हाई न्हाई, लेकरांना मलमच लावा, त्यांना कडू सोसत न्हाई. तेवढी बुद्धी होती. पण मोठ्या माणसांनी ट्यूबा फडताळात टाकल्या अन् मिक्सर लावले. त्रिंबकानं पहिल्याच दिवशी रस पिऊन अंगणात अशी ओकारी काढली की शेजारच्यांना वाटलं याला साथीचाच रोग झाला. तरी दुसऱ्या दिवशी प्याला. कडू हाय म्हणजे गुणाचं असणार, ही आपली समजूत.

दाजी मनातून घाबरलते का? घाबरलते. पण प्रत्येक दिवशी वाटायचं, आज न्हाई, उद्या सांगू. अन् उद्या आला की त्या दिवसाचंबी नाव आजच असायचं.

अन् मग ती गोष्ट झाली. एक दिवस सकाळी सत्तारचाचा दुकानात आला, खिशातून आपली मलमाची ट्यूब काढली अन् गल्ल्यावर ठेवली. म्हणला, "कल्याणराव, हे वहिनीला द्या. त्यांचे सांधे गेल्या साली लई दुखले. मला आता काय करायचंय, मी तुमचं कारलं सुरू केलंय. जरीना रोज पिळून देती. लई घाण लागतं, पण तुमी इतके दिवस पिताय तर मी बी पितो."

दाजींनी ती ट्यूब घेतली.

आता इथं मी थांबतो जरा... कारण दाजी मला हे सांगताना इथंच थांबलते. म्हणले, "राजू, माझा हात पुढं झाला रे. तोंड उघडायचं सोडून हात पुढं झाला." घरची ट्यूब संपत आलती. दाजींनी मनात म्हणलं, ड्रॉवरमधी ठेवू, नंतर देऊ परत. अन् त्याच आठवड्यात अक्काची ट्यूब संपली, अन् दाजी सकाळी दुकानात येऊन, शटर अर्धं खाली ओढून, सत्तारचाचाचं मलम स्वतःच्या हाताला चोळाया लागले. पत्र्याच्या पलीकडं चाचा उघड्या हातांनी टायर खोलत बसलेला. मच्छराची काय चूक हो? एका हाताला मलम, दुसरा हात उघडा. त्याला वाचता येत नसलं तरी एवढं कळतं.

चाचाला ताप आला. आधी म्हणला, कसर हाय, जाईल. भर दुपारच्या उन्हात गोणपाट पांघरून बसायला लागला. डोळ्याच्या मागं ठणकतंय म्हणायचा, हाडं कुणीतरी पिळतंय म्हणायचा. एका मोटारसायकलवाल्याचं चाक खोलता खोलता पान्हा हातातून गळाला अन् चाचा तिथंच टायरांवर आडवा झाला. दाजी गल्ल्यावरून असे उठले की साखरेचं पोतं लवंडलं, कुणी उचललं न्हाई. माझी जीप फाट्यावरच उभी होती. चाचा, त्याची बायको जरीनाचाची, पोरगी हीना, दाजी, सगळ्यांना घालून मी आंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. रस्ताभर दाजींनी चाचाचं डोकं मांडीवर घेतलं होतं अन् रस्ताभर त्यांच्या हाताला त्या मलमाचा वास येत होता. मला वाटलं उदबत्तीचा.

डॉक्टर म्हणले, डेंग्यू. पेशी लई कमी झाल्यात, हिरड्यातून रक्त येतंय, दोन-तीन दिवस जपावं लागंल, आत्ताच काही सांगत न्हाई.

"आत्ताच काही सांगत न्हाई." हे वाक्य डॉक्टरनं जरीनाचाचीला सांगितलं, पण लागलं दाजींना. वॉर्डाच्या भिंतीला टेकून उभे राहिले ते हललेच न्हाईत.

दुसऱ्या दिवशी आमी परत गेलो. जरीनाचाची खाटेशेजारी, अन् तिच्या हातात थर्मास. थर्मासमधी काय? विचारू नका. बहिणीच्या घरी मुक्कामाला होती, तिथल्या मिक्सरवर सकाळी सकाळी काढून आणला होता. फुलपात्रात ओतते न ओतते तोच राउंडला डॉक्टरीण आली. तरुण पोरगी, गळ्यात ती तपासायची नळी अडकवलेली. तिनं वास घेतला.

"हे काय देताय?"

"कारल्याचा रस. मच्छर चावत न्हाई त्यानं."

"कुणी सांगितलं?"

जरीनाचाचीनं मोठ्या विश्वासानं बोट दाखवलं. "हे भाईजान. यांना एकसुद्धा चावत न्हाई, बघा तुमी."

डॉक्टरीण वळली. तिनं दाजींना बघितलं... विभूती, लांब बाह्या, खाली घातलेली मान. म्हणली, "काका, कारल्यानं मच्छर थांबत नाही. मच्छर थांबवायला मलम असतं, मच्छरदाणी असते, साचलेलं पाणी ओतून द्यायचं असतं. पेशंटला असलं काही देऊ नका आता, पोटात काही ठरत नाहीये त्यांच्या." अन् गेली. ती काय कोर्टात न्हवती, तिला पुढचे पेशंट बघायचे होते. पण दाजींचा चेहरा असा झालता, जसा काही निकाल लागला.

अन् कहर पुढं हाय. डॉक्टरीण गेल्यावर चाचानं दाजींना जवळ बोलावलं. आवाज असा बारीक झालता, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"कल्याणराव, तुमाला एक सांगायचंय. माझंच चुकलं."

"काय चुकलं?"

"तुमी म्हणलते तसं मी पीत न्हवतो. लई कडू लागायचं. जरीना बघत नसली की मी त्याच्यात साखर टाकायचो. म्हणून गुण आला न्हाई. तुमचं नाव खराब केलं मी."

आता सांगा. या माणसानं काय करावं? मरणाच्या खाटेवर पडलेला दोस्त माफी मागतोय, कशाची, तर आपल्या खोट्यात साखर टाकली म्हणून. दाजींनी तोंड उघडलं. खरंच उघडलं, मी बघितलं. अन् त्यातून आवाज आला, "आराम कर."

येताना जीपमधी आमी दोघंच. लोखंडी सावरगावच्या पुढं आल्यावर एकदम म्हणले, "राजू, गाडी बाजूला घे." घेतली. अन् तिथं, उसाच्या फडाच्या कडंला, त्यांनी मला सगळं सांगितलं. मलम, लांब बाह्या, उदबत्त्या, चाचाची ट्यूब, अर्धं शटर. मी काय बोलू? मी धाकटा मेहुणा. बोलायचा हक्क न्हाई, अन् गप बसवत न्हाई.

दाजी म्हणले, "मी सांगणार हाय त्याला. बरा झाला की सांगणार."

माझ्या तोंडातून गेलं, "अन् न्हाई झाला तर?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं, मग उसाकडं बघितलं. उसाचा पाला वाऱ्यानं सळसळत होता. मग म्हणले, "चल."

त्या संध्याकाळी दाजींनी काय केलं माहिताय? मलम लावलं न्हाई. बाह्या दंडापर्यंत वर केल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत, अन् सत्तारचाचाच्या त्या टायरांच्या ढिगाशेजारी जाऊन बसले. प्रायश्चित्त. या म्हणले, चावा. अन् चावले हो, का न्हाई चावणार, इतक्या दिवसांचं राखून ठेवलेलं ताट कुणीतरी पुढं सरकवलं होतं. दाजी हलले न्हाईत. त्रिंबक आला, सटवा आला, त्यांनी बघितलं, कल्याणरावाच्या हातावर मच्छरांची जत्रा भरलीय.

मला वाटलं, आता कळालं यांना. डोळ्यांनी बघितलं ना?

त्रिंबकानं मान हलवली. "सटवा, तुझी यंदाची कारली चांगली न्हाईत बघ. जोर न्हाई त्यांच्यात."

"पाऊस जास्त झाला ना," सटवा म्हणला.

घरी गेल्यावर अक्कानं अंगावरचे लाल डाग बघितले अन् आधी खोबरेल आणून लावलं, मग जाब विचारला. दाजींनी तिलाबी सगळं सांगितलं. वाटलं, ही तरी चार शिव्या देईल, मन हलकं होईल. अक्का बसली. म्हणली, "मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"शेजारच्या वच्छलाबाई आलत्या मला विचारायला, रस कसा काढता म्हणून. मला आधी काही कळंना. मग कळालं, तुमी बाहेर काय सांगत फिरताय. घरची लाज जाईल म्हणून मी बी सांगितलं त्यांना, मीठ टाका थोडं. म्हणजे मी बी तुमच्याइतकीच खोटी झाले." अन् पदरानं डोळे पुसून म्हणली, "माझ्यापुढं बोलून काय उपेग. ज्याचं मलम लावलं, त्याला सांगा. अन् असं उघडं बसून मच्छरं पोसू नका, तुमी आजारी पडल्यानं तो बरा होणार न्हाई."

सकाळी उठून दाजींनी पयलं काम काय केलं, चाचाचा सगळा टायरांचा ढीग उलथा केला. एकेक टायर उभं करून पाणी झटकलं, जे नको ते भंगारवाल्याला दिलं, राहिलेले शेडच्या आत रचून वर ताडपत्री टाकली. कपडे चिखलानं भरलेले, विभूती घामानं उतरून नाकावर आलेली. कधी न्हाई ते पयल्यांदा बघितलं मी. मग तसेच माझ्या जीपमधी बसले.

वॉर्डात गेलो. चाचाच्या हिरड्यातलं रक्त थांबलतं, पण पेशी अजून चढत न्हवत्या. जरीनाचाची होती, हीना होती. दाजी खाटेजवळ उभे राहिले अन् बसा म्हणलं तरी बसले न्हाईत.

"सत्तार, मी कारलं कधी पिलो न्हाई."

चाचानं उशीवरून डोकं उचललं.

"मी मलम लावत होतो. पयल्या दिवसापासून. बसम्मा लावायची. चारचौघांत हसलो होतो म्हणून सांगायची लाज वाटली. तू साखर टाकलीस म्हणून काही झालं न्हाई. तू मलम सोडलंस म्हणून झालं. अन् ते माझ्यामुळं सोडलंस."

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारासुद्धा खोकायचं थांबला.

चाचानं विचारलं, "मी दिलं ते मलम? वहिनीला दिलं का?"

इथं बघा, दाजी सुटू शकत होते. हो म्हणले असते तर कोण बघायला गेलतं? पण म्हणले, "न्हाई. मीच लावलं. तू पलीकडं टायर खोलायचास तवा मी शटर ओढून तुझंच मलम लावत होतो."

चाचानं तोंड भिंतीकडं केलं. बस, एवढंच. जरीनाचाचीनं थर्मास उचलला, कालपासून तसाच राहिलेला रस बेसिनमधी ओतला, थर्मास धुतला, पदराला हात पुसले अन् म्हणली, "भाईजान, उद्यापासून तुमी येऊ नका." हीना आमच्यासंगं जिन्यापर्यंत आली, तिला काहीतरी बोलायचं होतं, पण ती जिन्यातच रडाया लागली अन् परत फिरली.

त्या दिवशी जर दाजी एकटे असते तर बसस्टँडवर कुठंतरी बसून राहिले असते, अजून तिथंच असते.

चाचा वाचला. देवाची कृपा म्हणा, अल्लाची म्हणा, त्या डॉक्टरणीची म्हणा. हळूहळू पेशी चढल्या. तोवर इकडं दाजींनी ठरवलं, आता गावाला सांगायचं. लिंबाखाली सगळ्यांना जमवलं, ईश्वरीताईंनाबी बोलावलं, अन् उभं राहून सांगितलं सगळं.

तर लोकांनी काय करावं? मानायलाच तयार न्हाईत.

सटवा म्हणला, "दोस्तासाठी अंगावर घेतोय माणूस. मोठं मन हाय." त्रिंबक तर भडकला. "म्हणजे इतके दिवस मी पिलो ते फुकट? असं कसं होईल? मला गुण आलाय." दाजी म्हणतात, अरे काही गुण न्हाई त्यात, मी खोटं बोललो. त्रिंबक म्हणतो, तुमी खोटं बोलला असाल, पण कारलं खोटं बोलत न्हाई. आता याच्याशी कसं भांडावं? खोटं विकायला घटका लागली न्हाई, अन् खरं फुकट वाटतोय तर कुणी घेईना. शेवटी दाजींनी भर उजेडात, सगळ्यांदेखत, सदरा काढला, बनियनवर उभे राहिले अन् हाताला, मानेला मलम चोळून दाखवलं. बाळंतिणीसारखं. पोरंसोरं हसली, बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ईश्वरीताई हसल्या न्हाईत. एवढंच म्हणल्या, "पायालाबी लावा, काका." अन् नव्या ट्यूबा वाटाया लागल्या. त्रिंबकानं घेतली. म्हणला, "कारलं पिऊन वरून लावीन."

चाचा घरी आला, थोडा दम धरून दुकान उघडलं. टायरं आत रचलेली बघितली, ताडपत्री बघितली. बाकडं उचललं अन् आपल्या शेडच्या पलीकडच्या बाजूला नेऊन ठेवलं, तोंड रस्त्याकडं, पाठ किराणा दुकानाकडं. चहा वेगळा. मधल्या पत्र्यातून एकमेकांचा खोकला ऐकू यायचा, तेवढीच बोलाचाली. दाजी गिऱ्हाइकाला साखर द्यायच्या जागी मीठ द्यायचे. मच्छराची काय चूक, असं आता मी म्हणत न्हवतो, दाजीच म्हणायचे. पत्र्याकडं बघून.

असे बरेच दिवस गेले. मग एक दिवस सकाळी, मी दुकानात चहापत्ती घ्यायला गेलतो, तर चाचा आला. अंगानं वाळलेला, गालफडं बसलेली, सदरा अंगावर लोंबत होता. गल्ल्यासमोर उभा राहिला, बाह्या वर केल्या अन् दोन्ही हात दाजींच्या पुढं धरले.

"लाव," म्हणला.

दाजींना कळंना. "काय?"

"मलम. लाव. माझ्या हातात अजून जोर न्हाई, अन् माझ्या घरात कुणाला येळ न्हाई. तू लावणार. रोज."

दाजींनी ट्यूब काढली. घाईनं अशी दाबली की अर्धं मलम गल्ल्यावर सांडलं. मनगटापासून कोपरापर्यंत, हळू, असं चोळलं जसं काही लहान लेकराला तेल लावतायत. डोळ्यातलं पाणी पुसायला हात न्हाई, दोन्ही हातांना मलम. चाचा समोर बघत उभा.

तवापासून हे रोजचंच झालंय. गिऱ्हाईक असू द्या, काट्यावर डाळ असू द्या, चाचा आला की दाजींनी सगळं सोडून उठायचं. परवा मी विचारलं, "काय दाजी, झाली म्हणायची का माफी?"

दाजी दमलेले. हात पुसत म्हणले, "कशाची माफी बे. मच्छर परवडले राजू, एकदा चावून मोकळे व्हायचे. हा रोज सकाळ-संध्याकाळ येतो, दोन्ही हात करून घेतो, मान करून घेतो, पाय करून घेतो, अन् जाता जाता वळून म्हणतो... कानामागं राहिलं, कल्याणराव."